लाजरसबाबांची सुतळी

मुलांनो, जरा डोळे मिटा बरे! गोदावरीच्या अलीकडे एक उजाड माळ आहे. माळावर खडकसांगवी नावाचे गाव. गावाच्या टोकाला ख्रिस्ती मंडळींची वीस घरे, आणि त्यांच्या मधोमध पत्र्याचे लहानसे देऊळ. आत लाकडी क्रूस, क्रूसापुढे अंथरलेले गोणपाट. दिसले? आता त्या वीस घरांतल्या सात घरांच्या चुली विझवा. बाजरीच्या कापणीच्या दिवसांत पटकीची साथ आली, तेव्हा खडकसांगवी अशी दिसत होती.

या मंडळीचे पाळक होते लाजरसबाबा. त्यांची एक रीत होती. शनिवार आला की बाबा हातात सुतळी घेऊन दारोदार फिरत. प्रत्येक उंबऱ्यावर एकच विचारत, "उद्या देवळात काय घेऊन येणार?" कोणी म्हणे गाय व्याली, कोणी म्हणे भावाशी बोलणे तुटले. बाबा त्या घराच्या नावाने एक गाठ मारत. रविवारी ती सुतळी बोटांनी चाचपत ते उपासना चालवीत. आधी कोणते गीत, प्रार्थना कोणासाठी, गप्प किती वेळ बसायचे, सारे त्या गाठींवरून ठरे.

शाळेच्या शमुवेल मास्तरांना याचे हसू येई. मास्तर पेटी वाजवत. गीतांचे क्रमांक खडूने फळ्यावर लिहीत, अक्षर मोत्यासारखे. "बाबा, ही उपासना चालवायची की बैल बांधायचा?" असे ते चारचौघांत म्हणत. बाबा नुसते हसत.

त्या वर्षी कापणीच्या सणाच्या उपासनेचा फळा मास्तरांनी साथ येण्याच्या आठ दिवस आधीच लिहून ठेवला होता.

सणाच्या आदल्या दिवशी बाबा रिबकाच्या दारी आले. रिबका नऊ वर्षांची. तिची आई सारूबाई मंगळवारी साथीत गेली होती.

"रिबके, उद्या काय आणणार?"

"काही नाही, बाबा," रिबका म्हणाली. "आईची ओवी आहे फक्त. जात्यावर म्हणायची ती."

बाबांनी गाठ मारली आणि तिला बरोबर घेतले. मास्तर ओसरीवर पेटी पुसत बसले होते. ओवीचे ऐकून ते हसले आणि त्यांनी फडके खाली ठेवले.

"जात्यावरची ओवी? कापणीच्या सणाला? उद्या मिशनचे साहेब येणार आहेत, बाबा! ते म्हणतील, इथली मंडळी देवळात दळण घेऊन येतात! फळा भरलाय. पाचही गीतं आनंदाची."

"मास्तर, सात घरांत रडं आहे."

"म्हणूनच म्हणतो, साहेबांपुढे रडगाणं नको. आणि तू गं, ओव्या म्हणायच्या तर घरी म्हण. जातं आहे ना घरात?"

रिबकाने मान खाली घातली. जाते होते. दळणारी नव्हती.

"बरं," बाबा म्हणाले. "उद्या आधी तुमचा फळा चालू द्या. तुमच्या घरून काय?"

"आमच्याकडे प्रभूच्या दयेने सगळं ठीक आहे!"

अंगणात मास्तरांचा दानीएल चाक फिरवत होता. बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग सुतळीला गाठ मारली आणि बोट पांढरे पडेपर्यंत ओढली.

"अहो, मी तर काहीच सांगितलं नाही!"

"होय, मास्तर," एवढेच म्हणून बाबा पुढे गेले.

रविवारी क्रूसापुढे बाजरीच्या कणसांचा ढीग रचला होता. साहेब आलेच नाहीत. साथीचे ऐकून वाटेतूनच परतले होते. मास्तरांनी पहिले गीत धरले. पेटी वाजत राहिली. एकही तोंड उघडेना. गाणार कसे? ओठांवर आनंदाचे गीत आणि पोटात मातीचा गोळा!

तेवढ्यात मास्तरांच्या शेजारची हन्नामावशी धापा टाकत दारात आली. "मास्तर! दानीला उलट्या लागल्या! हातपाय गार पडले!"

मास्तर उठले, पण पाय हलेनात. ते तिथेच गोणपाटावर बसले. पुढे काय होते हे त्या देवळात सगळ्यांनाच ठाऊक होते.

लाजरसबाबांनी उपरण्याच्या टोकाने फळा पुसला. "रिबके, पुढे ये. आईची ओवी म्हण."

रिबकाने मास्तरांकडे पाहिले. काल हाच माणूस हसला होता. मग तिने उजवी मूठ मिटली, जणू जात्याचा खुंटाच धरला आहे, आणि बारीक आवाजात सुरू केले:

"दळिते मी दाणा, हात गेला थकून,
खुंटा धर वाकून, येशूराया."

दुसऱ्या वेळी एका बाईने सूर मिसळला, मग दुसरीने. बायकांच्या मुठी मिटल्या, हात गोल फिरू लागले. सात घरांची माणसे पहिल्यांदाच मोठ्याने रडली. ओवी चालू होती, आणि बाबा एकेक गाठ बोटांत धरून एकेका घराचे नाव घेत होते. शेवटी म्हणाले, "प्रभो, ही शमुवेलच्या घराची." आणि काय सांगावे! ती घट्ट गाठ त्यांच्या बोटांत आपोआप सैल झाली.

बाबांनी मास्तरांना हाताला धरून घरी नेले. मागे रिबका. पाहतात तो दानीएल आईच्या मांडीला टेकून बसलेला, ओठ ओले.

"बाबा, तुम्ही आलात म्हणून पोर वाचलं," मास्तरांची बायको म्हणाली.

"मी? कधी?"

"आत्ता नाही का! वाकून दानीचं डोकं उचललंत, घोट घोट पाणी पाजलंत. खाली वाकला होतात, तोंड दिसलं नाही. पण हात पाहिले ना मी. पिठानं माखलेले होते."

बाबांनी आपले हात पाहिले; पिठाचा कणही नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

मास्तरांनी त्यांचे पाय धरले. "माझे नाहीत, मास्तर," बाबा म्हणाले. "जो वाकला, त्याचे धरा." तेव्हा मास्तर दारातल्या रिबकाकडे वळले आणि तिच्यापुढे त्यांनी जमिनीला कपाळ टेकले. "पोरी, मी तुझ्या आईच्या गाण्याला हसलो."

रिबका बाबांकडे पाहत होती. "बाबा, मग तो माझ्या आईकडे का नाही आला?"

बाबा तिच्याजवळ उंबऱ्यावर बसले. "मला ठाऊक नाही, बाळ," ते म्हणाले. त्यांनी सुतळी पुढे केली. रिबकाच्या घराची गाठ तशीच घट्ट होती. "ही माझ्याने सुटली नाही. सुटत नाही ती गाठ बोटांत धरायची, आणि तशीच त्याच्यापुढे न्यायची."

साथ जाण्याआधी आणखी दोन चुली विझल्या. पुढच्या शनिवारी मास्तर पुसलेला फळा घेऊन बाबांच्या अंगणात थांबले होते. बाबांचे गुडघे सुजले होते. त्यांनी सुतळी रिबकाच्या हातात दिली.

रिबकाने आईची गाठ चाचपून पाहिली. ती सोडली नाही. परवा ज्या घरची चूल विझली, त्या घराकडे ती आधी गेली आणि उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "उद्या देवळात काय घेऊन येणार?"

आतून उत्तर आले नाही. रिबका उंबऱ्यावर बसली, आणि वाट पाहू लागली.