फारसीचा पहिला धडा

गलबताच्या पोटातून घोडे खिंकाळायचे आणि धक्क्याच्या फळ्या त्यांच्या टापांनी घुमायच्या. हसनमियाँ मुन्शींच्या कानात तो आवाज अगदी म्हातारपणापर्यंत राहिला. एका बंदरगावात ते दुभाष्याचं काम करत. इराणचा सौदागर उतरला की आधी दुभाष्याच्या हातात हात देई, मगच घोडे खाली येत. हात दिला नाही, तर गलबत पुढच्या बंदराला निघून जाई. गावाचं पोट त्या हातावर होतं.

मुन्शी थकले. आपल्या जागेवर कुणीतरी हवं म्हणून त्यांनी गावातल्याच त्रिंबकला फारसी शिकवायला घेतलं. पोरगा हुशार होता.

मुन्शींनी त्याला समोर बसवलं. "म्हण, मन तुरा मीबीनम. मन म्हणजे मी, तुरा म्हणजे तुला, मीबीनम म्हणजे पाहतो."

"हे तर आपल्यासारखंच, मुन्शीजी. आधी मी, मग तू, आणि काम शेवटी."

"तसंच. आता माझ्याकडे बघ. काय दिसलं?"

"दाढी."

मुन्शी हसले. "दाढी कालही होती, बाळा. आज काय दिसतंय?"

खोकून खोकून मुन्शींचे डोळे लाल झाले होते. त्रिंबक म्हणाला, "पुढचं वाक्य सांगा ना."

मुन्शींनी सांगितलं. ऊ मरा मीबीनद, तो मला पाहतो. मरा, तुरा, ऊरा. मला, तुला, त्याला. त्रिंबकला सगळं तोंडपाठ झालं. प्रत्येक वाक्यानंतर मुन्शी तोच प्रश्न विचारत आणि त्रिंबक तो हसण्यावारी नेई. दोन-तीन पावसाळे गेले. बंदराचा हवालदार म्हणू लागला, "मुन्शीजी, आता तुम्हीच याच्याकडे शिकवणी लावा."

मुन्शींनी त्याला आपली जागा दिली.

मग एक गलबत लागलं. बहराम नावाचा सौदागर एकटाच खाली उतरला. त्याच्या हातात रिकामा लगाम होता. "माझा घोडा वाटेत गेला," तो फारसीत हळूच म्हणाला. "समुद्रात सोडावा लागला."

त्रिंबकला शब्द न् शब्द कळला. पण स्वागताचं भाषण ओठांवर तयार होतं, आणि हवालदार ऐकत होता. त्रिंबक बोलू लागला. भाषणात गुलाब आले, चंद्र आला, शुभ पावलं आली. एक शब्द चुकला नाही. मागे उभ्या मुन्शींचं काळीज तुटत होतं, पण बोलायची जागा आता त्यांची नव्हती.

भाषण संपवून त्रिंबकनं हात पुढे केला.

बहरामनं त्या हाताकडे पाहिलं. लगाम मनगटाला गुंडाळला, पाठ फिरवली आणि तो गलबताकडे चालू लागला.

तात्पर्य: समोरच्याचं दुःख ज्याला दिसत नाही, त्याची भाषा कितीही शुद्ध असली तरी कुणाच्या मनापर्यंत पोचत नाही.