उसवलेले डोळे

“मग उसवतं कोण, बाबा?”

शाल्मलीनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. आपला आवाज चढलाय, हे तिचं तिलाच कळलं.

भिकनाथबाबांनी सुईचं नेढं जिभेच्या टोकावर धरलं, दुसऱ्या हातानं दोऱ्याचं टोक तिथवर नेलं, आणि क्षणात दोरा ओवला. बाबांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं.

मठ गावापासून कोसभर लांब, एका बोडक्या टेकडीच्या पायथ्याशी होता. अंगणात धुनी, एक कडुनिंब, आणि ओसरीवर पसरलेली बाबांची कंथा. नाथपंथी जोगी पांघरतात ती ठिगळांची जाड गोधडी. बाबा एके काळी तालुक्याला शिंपी होते. बँडवाल्यांचे लाल कोट शिवायचे, सोनेरी गोंडे लावून. पन्नाशीत नजर गेली. बायको त्याआधीच गेली होती. दुकानाची किल्ली पुतण्याच्या हातात ठेवून ते मठात आले, ते आलेच. आता नुसत्या बोटांनी चाचपून कंथेवर ठिगळं चढवायचे. आसपासच्या गावांत कुणी वारलं की घरचे त्याचा एखादा कपडा आणून द्यायचे, आणि तो कंथेत जायचा.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. दुपार कोरडी होती. वारा नव्हता.

“पुन्हा सांग,” बाबा म्हणाले. “सावकाश.”

शाल्मली खरोटे पुण्याहून आली होती. वय अडतीस. भरतकाम करायची, पण कुणी ‘भरतकाम’ म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडायची. तिला उशीच्या अभ्र्यावरची फुलं आठवायची. ती दोऱ्यानं माणसं काढायची. नुसते चेहरे, पुरुषभर उंचीचे. प्रदर्शनात लोक बघता बघता इतके पुढे सरकत की नाक कापडाला टेकेल. तिच्या चित्रांतले डोळे तर नावाजलेले. एका बाईंनी तिचं चित्र हौसेनं घरी नेलं आणि महिन्याभरात परत आणून दिलं. जेवताना ते बघत बसतं, म्हणाल्या. शाल्मली ही हकिकत सगळ्यांना सांगायची. अभिमानानं.

गेल्या मार्गशीर्षात तिची आई गेली. विमलबाई. शाल्मलीला पहिला साखळी टाका आईनंच शिकवला होता. शाल्मलीनं आईची निळ्या काठाची एक जुनी सुती साडी घेतली, मधला तुकडा कापला, रिंगमध्ये ताणून बसवला आणि आईचा चेहरा भरायला घेतला. हा चेहरा लहान काढायचा, ओंजळीत मावेल एवढा, असं तिनं ठरवलं होतं. कपाळ झालं, गाल झाले, हनुवटीवरचा तीळ झाला. डोळे तिनं नेहमीप्रमाणे शेवटी ठेवले.

आणि ते टिकेनात.

संध्याकाळी भरायचे, सकाळी उठून बघावं तर उसवलेले. बाकी चेहऱ्याला धक्का नाही. उसवलेला दोरा शेजारी टेबलावर, नीट गुंडाळलेला.

ती एकटी राहत होती. दाराला आतून कडी असायची. तिनं रिंग कपाटात कुलूपबंद केली, किल्ली गळ्यात घातली. सकाळी डोळे उसवलेलेच. असं एकोणीस वेळा झालं.

“तीन आठवड्यांवर प्रदर्शन आहे,” ती म्हणाली. “आईच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी. दालनात मधोमध आईलाच लावायचंय. सगळे म्हणतात, तुला भास होतायत. भासानं टाके उसवत नाहीत, बाबा.”

“आण इकडं.”

तिनं रिंग त्यांच्या हातात दिली. बाबांनी अंगठ्यानं कपाळ चाचपलं. मग नाक. मग तीळ. तिळावर अंगठा जरा जास्त थांबला.

“चांगलं काम आहे.”

“हो,” शाल्मली म्हणाली.

बाबांचा अंगठा रिकाम्या खोबणीत गेला.

“इथं कापड विरविरीत झालंय. एकदा सोसेल. दुसऱ्यांदा नाही.”

“म्हणूनच तर आले.”

“उसवलंय मात्र नीट. एक धागा तुटला नाही. हात जाणता आहे.”

तिला ते झोंबलं. “चोराचं कौतुक ऐकायला मी एवढ्या लांब आले नाही.”

बाबा हसले. त्यांना दात थोडेच उरले होते.

“हे कशाला करतेस तू?”

असल्या प्रश्नांची उत्तरं तिच्या तोंडावर असायची. मुलाखतींतून अनेकदा दिलेली. “मी यातून व्यक्त होते, बाबा. माझ्या मनातलं दोऱ्यातून बाहेर येतं. चेहरा कुणाचाही असो, प्रत्येक टाक्यात मी असते.”

“प्रत्येक?”

“प्रत्येक.”

“मग तुझी आई कुठं बसली?”

धुनीतलं लाकूड खाली घसरलं. राख उडाली आणि बसली.

“भर डोळे,” बाबा म्हणाले. “इथं. माझ्यासमोर. अजून उजेड आहे.”

“आणि पुन्हा उसवले तर? तुम्हीच म्हणालात, कापड...”

“भर.”

तिनं भरले. कंथेच्या कडेला चटईवर बसून, मांडीवर रिंग घेऊन. पिशवीतून तिनं एक जुनी वही काढून समोर उघडी ठेवली होती. तीत पेन्सिलीनं काढलेले आईचे डोळे होते. त्यांवरूनच ती प्रत्येक वेळी काम करत होती. दोन हातांवर बाबा त्यांचं ठिगळ शिवत होते. दोघांच्या सुयांचा आवाज येत होता, बाकी कसलाच नाही. मठाच्या पत्र्यावर एरवी साळुंक्या नाचतात म्हणे. त्या दुपारी एकही नव्हती.

तीन तास गेले. असे डोळे तिच्या हातून कधी उतरले नव्हते. पापणीची कड ओली वाटावी असे. तिनं शेवटचा टाका घट्ट केला, दोरा दातानं तोडला.

“झालं.”

“आता राखण कर त्यांची. नजर काढू नकोस.”

ती बघत बसली. आई तिच्याकडे बघत होती. ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली उतरलं. आई बघत होती. शाल्मलीला वाटलं, पापणी लवावी. कुणाची तरी लवावी, आपली नाहीतर तिची. कुणाचीच लवली नाही...

टक्.

बारीकसा आवाज. टाका सुटल्याचा.

तिनं चमकून बाबांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात कंथेवर होते.

टक्.

तिनं खाली पाहिलं. कात्री तिच्याच उजव्या हातात होती. ती आपण कधी उचलली ते तिला आठवेना. कात्रीचं टोक टाक्याखाली हळूच सरकत होतं, वर येत होतं, टाका सुटत होता. डाव्या डोळ्याची अर्धी पापणी गेली होती.

“बाबा...”

“काय दिसतंय?”

“माझा हात. माझाच हात आहे, बाबा. मी उसवतेय.”

“थांबव.”

तिनं बोटं आवळायचा प्रयत्न केला. बोटं ऐकेनात. त्यांना कसली घाई नव्हती, राग नव्हता. ती घरातलं नेहमीचं काम करावं तशी चालली होती.

“थांबत नाही.”

“मग बघ नीट.”

ती बघत राहिली. सुटलेला दोरा उजव्या हातानं चिमटीत धरला, डाव्या हाताची दोन बोटं पुढे केली, आणि दोरा त्यांच्यावर गुंडाळला. एक वेढा आडवा, एक तिरपा. मध्येच बोटं किंचित जवळ घेऊन, दोऱ्याला पीळ बसू नये म्हणून.

शाल्मली कधीच दोरा गुंडाळत नसे. उसवलेला दोरा ती चुरगाळून खाली टाकायची. तिच्या खोलीभर दोऱ्यांचे बोळे असायचे.



“हे मी असं करत नाही,” ती कुजबुजली. “हे आई करायची. स्वेटर उसवताना. बोटं अशी जवळ घ्यायची...”

“हात?”

“माझा.”

“रीत?”

“आईची.”

बाबांनी सुई कंथेत खोचून ठेवली. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांचे हात रिकामे झाले. त्यांनी मान वळवली. त्यांचे पांढरे पडलेले डोळे तिच्या चेहऱ्यावर बरोबर येऊन थांबले, आणि तिला ते नकोसं झालं.

“तिच्याशी शेवटचं काय बोललीस?”

हात उसवत होता. डावा डोळा गेला. उजव्याला सुरुवात झाली.

“आठवत नाही.”

“बरं.”

कडुनिंबाची सावली भिंतीवर चढली. टक्... टक्...

“दवाखान्यात,” ती शेवटी म्हणाली. “तिसऱ्या मजल्यावर. खाटेशेजारी खिडकी होती. आई माझ्याकडे बघत होती, आणि खिडकीतून उजेड आला. तिच्या डोळ्यांत. तसा उजेड मी कधी बघितला नव्हता, बाबा. मी वही काढली. ही समोरची.”

“हं.”

“तिला कूस बदलायची होती. पाठ भरून आलीय म्हणाली. मला जरा वळव म्हणाली.”

“मग?”

“मी म्हटलं, आई, दोनच मिनिटं. हलू नकोस.”

बाबांनी श्वास सोडला.

“मग?”

“नाही हलली.”

“जराही?”

“कधी हट्ट करायची नाही ती. मी म्हटलं आणि ती पडून राहिली. मी काढत होते. सुंदर येत होतं. पुरं झाल्यावर मी म्हटलं, झालं गं, वळवते आता तुला. आणि... तशीच होती. डोळे उघडे. माझ्याकडे.”

“किती वेळ झाला होता?”

“माहीत नाही. नर्स म्हणाली, बराच. मी समोर बसले होते, बाबा, हाताच्या अंतरावर. मला कळलं नाही. मी डोळे काढत होते.” तिनं वहीकडे बघितलं आणि मान फिरवली. “यातली कुठली रेघ ती असतानाची आणि कुठली नंतरची, मला सांगता येत नाही. कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही मी हे.”

टक्.

शेवटचा टाका सुटला. हातानं उरलेला दोरा गुंडाळला, लडी बोटांवरून अलगद काढली आणि शाल्मलीच्या मांडीवर ठेवली. मग हात सैल पडला. तिनं बोटं हलवून पाहिली. आता ती ऐकत होती.

चेहऱ्यात पुन्हा दोन खोबणी. कापड मात्र कुठं फाटलं नव्हतं.

शाल्मली रडली. बाईमाणूस परक्या ठिकाणी रडतं तसं, पदर तोंडाशी धरून नव्हे. मोठ्यानं, लहान मुलासारखं, नाक पुसायचंही भान न ठेवता. बाबांनी तिला रडू दिलं. ऊन अंगणाबाहेर गेलं होतं, पण उजेड होता.

ती शांत झाली तेव्हा तिच्या आवाजातला ताठा गेला होता.

“आता मी काय करू, बाबा? पुन्हा भरू? की असंच ठेवू?”

बाबा उठले. कंथेच्या कडेनं चाचपत तिच्यापर्यंत आले, खाली बसले. रिंग हातात घेतली. कडेचा स्क्रू शोधून अंगठ्यानं फिरवायला लागले. तो गंजला होता, कित्येक महिने कुणी हलवला नव्हता. त्यांनी जोर लावला. करकर करत तो सैलावला, आणि ताणलेलं कापड रिंगमधून सुटून त्यांच्या तळहातावर पडलं. चेहऱ्याला सुरकुत्या पडल्या. गाल एका अंगाला कलला. बाबांनी रिंग आणि कापड तिच्या मांडीवर ठेवलं.

शाल्मली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. उत्तराची वाट बघत होती.

पण बाबांचं तोंड तिच्याकडे नव्हतं. कापडाकडेही नव्हतं. तिच्या डाव्या बाजूला चटईचा जो कोपरा रिकामा होता, तिकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले होते, दारात आलेल्या मोठ्या माणसाला जोडावेत तसे.

“झालं, बाई, लेकीचं चित्र काढून,” ते हळूच म्हणाले. “आता हललात तरी चालेल.”