सतरा घडीव पायऱ्या

आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवाची सभा पटांगणात भरली होती. नववीच्या इतिहासात अपंगांवर एक धडा आपणच लिहून शिकवावा, असं मी सुचवलं आणि संस्थेचे अध्यक्ष खर्डेकर माइकवरच हसले.

"गुरुजी, पंचाहत्तर वर्षांत आपल्या पटावर एकही अपंग मूल आलेलं नाही. जे घडलंच नाही, त्याचा इतिहास कसला शिकवता?"

सगळी सभा हसली. तेवढ्यात मागच्या रांगेतून तालुक्याला वकिली करणाऱ्या सुलभाताई गायधनी कुबड्या सावरत उभ्या राहिल्या.

"अध्यक्षसाहेब, शाळेच्या दाराला पायऱ्या किती?"

"सतरा!" खर्डेकर ऐटीत म्हणाले. "माझ्या आजोबांनी बांधल्यात. घडीव दगडाच्या."

"मग घडलं नाही कसं म्हणता? चांगलं घडीव दगडात घडलंय! त्या चढून एकही अपंग मूल वर आलं नाही, हाच तो इतिहास. धडा तर तुमच्या आजोबांनीच लिहून ठेवलाय."

सभा पुन्हा हसली, पण आता अध्यक्षांना. त्यांनी मुकाट्याने धडा मंजूर केला.

निघताना सुलभाताई माझ्यापाशी थांबल्या. "गुरुजी, लहानपणी आई मला पायऱ्यांशी बसवून कामाला जायची. तुमची हजेरी संपली, की मीही खालून 'हजर' म्हणून ओरडायचे. ऐकू यायचं का हो?"

यायचं. रोज यायचं. वर्गातली पोरं हसायची, म्हणून मी खिडकी लावून घ्यायचो.

धड्यात पायऱ्या लिहून झाल्या. खिडकीपाशी आलो, की अजून हात थांबतो.