दिवेलागणीची रिंग

एका शहरात एक पहारेकरी राहत होता. नाव जयवंत. आता पहारेकरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काठी आणि शिट्टी येणार, तर ते आधी विसरा. हा पहारेकरी गार खोलीत खुर्चीवर बसायचा आणि कॉम्प्युटरांवर पहारा करायचा.

कॉम्प्युटर वरून कसा शांत दिसतो, पण त्याच्या पोटात लग्नघरासारखी धांदल असते. आपण समोर एक काम करतो, तेव्हा मागे पन्नास प्रोसेस राबत असतात. काही सर्व्हिस असतात. त्या कुणाला दिसत नाहीत, पण त्यांच्यावाचून पान हलत नाही. काही ड्रायव्हर असतात. ते कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला, थर्मामीटरला समजावून सांगतात. यांतलं कोण चालू आहे, कोण दमलंय, कोण मान टाकून पडलंय, हे बघणं जयवंतचं काम. गावोगावच्या डेअऱ्या आणि शीतगृहांचे कॉम्प्युटर त्याच्या कंपनीनं सांभाळायला घेतले होते. प्रत्येकात एक छोटा प्रोग्रॅम बसवला होता. तो दर थोड्या वेळानं जयवंतच्या स्क्रीनवर निरोप धाडायचा, 'मी हजर आहे. सगळं चालू आहे.'

जयवंतला आईबापांचे चेहरे आठवत नव्हते. त्याला वाढवलं मोठ्या बहिणीनं, हौसाआक्कानं. तिनं कुरणवाडीत गोधड्या शिवल्या, सुया टोचून बोटांची चाळण करून घेतली आणि भावाला इंजिनियर केलं. स्वतःच्या लग्नाचं नाव काढू दिलं नाही. जयवंत शहरात गेला, तरी आक्का गावातच राहिली. शहरातल्या फ्लॅटमध्ये तिचा जीव गुदमरायचा.

पण तिनं एक नेम धरला होता. दिवेलागणीला देवापुढं दिवा लावायचा, की लगेच जयवंतला फोन लावायचा. एक रिंग वाजली की कट. त्यानं उचलायचा नाही, परत करायचा नाही. अर्थ एवढाच की, बाबा, मी आहे, दिवा लावला, तू तुझं काम कर. तुमच्याआमच्या घरांत असे मिस्ड कॉल काय कमी झालेत? कुणी गाडीतून उतरलं की एक रिंग, कुणी घरी पोचलं की एक रिंग. फुकटची खुशाली.

इकडे ऑफिसात कॉम्प्युटर वाढले, तसे निरोपही वाढले. ऊठसूट 'हजर आहे, हजर आहे.' जयवंतचे डोळे शिणले. त्यानं विचार केला, जो धडधाकट आहे त्यानं रोज उठून तसं सांगायचं कशाला? ज्याचं दुखतंय त्यानं ओरडावं, बाकीच्यांनी गप्प बसावं. त्यानं हे साहेबांना पटवून दिलं. साहेब म्हणजे रेहाना मुलाणी मॅडम. मॅडमनी थोडा विचार केला आणि होकार दिला. हजरीचे निरोप बंद झाले, फक्त तक्रारी तेवढ्या चालू राहिल्या. स्क्रीन निवांत झाला. तक्रार नाही, म्हणून स्क्रीनवरचे सगळे दिवे हिरवे. जयवंतच्या पाठीवर थाप पडली.

आता यात वाईट ते काय, असं तुम्ही म्हणाल. मलाही सुरुवातीला काही वाईट दिसलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मीटिंग चालू असताना आक्काची रिंग आली. टेबलावरचा फोन थरथरला, सगळ्यांनी वळून बघितलं. जयवंतला ओशाळल्यासारखं झालं. बाहेर येऊन त्यानं आक्काला फोन केला. रागावला नाही हो, चांगल्या शब्दांत सांगितलं.

"आक्का, रोज रोज रिंग कशाला देतेस? काही झालं तरच फोन करत जा."

आक्का म्हणाली, "दिवा लावला की हात आपोआप फोनाकडं जातो रे. पण बरं. तुझ्या कामात माझ्यामुळं खोळंबा नको."

रिंग बंद झाली. पहिले काही दिवस जयवंतला संध्याकाळी चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मग सवय झाली. आक्काचा फोन आला नाही, म्हणजे आक्का ठीक आहे. आपणहून तिला फोन करावा असं अधूनमधून त्याच्या मनात यायचं, पण कामाच्या रगाड्यात ते राहून जायचं.

एके दिवशी सकाळी एका डेअरीतून फोन आला. टाकीतलं सगळं दूध नासलं होतं. गावानं घातलेलं दूध गटारात ओतावं लागलं. जयवंतनं स्क्रीन बघितला, तर त्या डेअरीचा दिवा हिरवागार. तक्रार एक नाही. मुलाणी मॅडम त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. दोघांनी शोध घेतला, तेव्हा उलगडा झाला. थर्मामीटरचा ड्रायव्हर बिघडला होता. त्याच्यापायी सगळा कॉम्प्युटरच जागच्या जागी गोठला होता आणि तक्रार करणारा प्रोग्रॅमही त्यातच गेला होता. कितीतरी दिवस तिथं सामसूम होती, रात्री टाकी तापली तेही कुणाला कळलं नाही, आणि त्या सामसुमीला ही मंडळी खुशाली समजत होती.

मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "चूक माझीही आहे, मी हो म्हटलं. पण जयवंत, जो मेला तो 'मी मेलो' म्हणून कसा सांगेल?"

जयवंतनं मान हलवली. आणि मग त्याला आक्काची बंद झालेली रिंग आठवली. त्यानं खिशातून फोन काढला आणि आक्काचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. त्यानं मॅडमना काय सांगितलं ते त्याला नंतर आठवेना. तो तसाच निघाला.

कुरणवाडीत पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. घरोघरी दिवे लागले होते. आक्काच्या घरात अंधार होता. शेजारच्या फुलाबाई अंगणात आल्या. त्या लेकीकडे गेल्या होत्या आणि आदल्याच दिवशी परतल्या होत्या. दार बंद बघून त्यांना वाटलं, हौसाबाई भावाकडे गेल्या असतील.

आक्का मागच्या पडवीत पडली होती, पाण्याच्या घागरीशेजारी. पाय घसरला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. फोन देवाच्या फळीवर, दिव्याशेजारी होता. तिथपर्यंत जायचा तिनं प्रयत्न केला होता, हे लुगड्याला लागलेल्या मातीवरून कळत होतं. उंबऱ्यापर्यंत आली होती बिचारी.

गावच्या डॉक्टरांनी खाली बघत सांगितलं, पडल्यावर लगेच नाही गेल्या. वेळेवर कुणी आलं असतं, तर वाचल्या असत्या.

जयवंत भिंतीला टेकून खाली बसला. त्याला रडू येईना. फुलाबाई त्याच्याजवळ बसल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, आठवलं ते सांगत होत्या एवढंच. "रोज दिवा लावून फोन हातात घ्यायच्या बघा. मी म्हणायची, लावा की. त्या म्हणायच्या, नको, त्याला कामात त्रास होतो. काही झालं तर लावीनच."

तेव्हा मात्र जयवंत लहान पोरासारखा रडला.

आक्काचे दिवस घातले आणि तो शहरात परतला. हजरीचे निरोप पुन्हा सुरू झाले. स्क्रीन पुन्हा गजबजला. नवीन लागलेली मुलं कुरकुर करतात, की सर, हा कालवा कशाला? जयवंत त्यांना कारण सांगत नाही, चालू राहू दे म्हणतो. एखाद्या कॉम्प्युटरचा निरोप वेळेवर आला नाही, तर दुसऱ्या निरोपाची वाट न बघता तो स्वतः तिथं फोन लावतो.

कुठंही असला, तरी दिवेलागणीला तो खिशातून फोन काढतो आणि समोर ठेवतो. मीटिंगमध्येसुद्धा. अंधार पडला की उचलून परत खिशात टाकतो.

तात्पर्य: जो पडला, त्याला 'मी पडलो' हे सांगायला उठता येत नाही. म्हणून आपल्या माणसाच्या गप्प राहण्याला खुशाली समजू नये, आणि जो रोज 'मी आहे' म्हणतो त्याला 'पुरे' म्हणू नये.