शेजारचा विस्तव

लढाई सरली, पण राजा मेला. नव्या राजाला मुलखातल्या सगळ्यांत वडील बाईनं टिळा लावायचा, अशी रीत होती. म्हणून सेनापती रायाजीराव ठकुबाईच्या दारात आले. जळलेल्या गावात ती एकटीच उरली होती.

"सात किल्ले घेतलेत मी. लाव टिळा!"

"लावते की, सरकार. पण माझी चूल विझलीय. आधी शेजारून विस्तव तेवढा मागून आणा."

रावांनी घोडा पिटाळला, दहा गावं पालथी घातली आणि दिवस कलताना हात हलवत परतले.

"एकाही घरात चूल पेटलेली नाही, म्हातारे!"

"मग राज्य कुणावर करणार?" ठकुबाईनं कुंकवाचा करंडा बंद केला. "माझ्या शेजारणीला जो परत आणून वसवील, त्याचा हा टिळा."