नायलॉनची वात

"आजपासून संस्थानात कापूस बंद! घटस्थापनेला सगळे माग फोडून चुलीत घाला!"

पळसोलीच्या महाराजांनी हुकूम सोडला आणि कोष्टीआळीत रडारड सुरू झाली. कारण काय, तर महाराजांना नवं धोतर मिळालं होतं. नायलॉनचं!

विलायती व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, "सरकार, हा धागा ना झाडाचा, ना किड्याचा! कोळशापासून काढलेली रसायनं शिजवायची, तो पाक बारीक भोकांतून शेवयांसारखा दाबायचा, ताणायचा, की झाला धागा! कुजत नाही, चुरगळत नाही. याची मासे धरायची जाळी होतात, दोर होतात, दात घासायचे ब्रशसुद्धा!"

महाराज भाळले. पण धोतर असं गुळगुळीत, की खोचलेली निरी घटकेत सुटायची. एक हात मिशीला, दुसरा कमरेला, असा दरबार चालायचा. हसणार कोण? दिवाणजी छताकडे बघत बसायचे.

कोष्टी पाया पडले तेव्हा महाराज म्हणाले, "माझ्या धाग्याला हरवेल असं सूत आणा, मग माग ठेवीन!"

एकेकानं घरातलं चांगल्यातलं चांगलं सूत आणलं. महाराजांनी ओढून बघितलं. सूत तटातट तुटलं, नायलॉन ढिम्म!

घटस्थापना उजाडली. शिपाई कुऱ्हाडी घेऊन आळीकडे निघाले. तेवढ्यात रखमाजी कोष्ट्याची लेक येसू राजवाड्याच्या देवघराच्या दारात महाराजांपुढे येऊन उभी राहिली. मुठीत चिमूटभर कापूस.

"सूत कुठंय गं?"

"सूत कशाला? तुमच्या धोतराला एवढा कापूस पुरे!"

"जीभ फार चालते तुझी!"

"माग बंद पाडलात, सरकार, दुसरं काय चालणार? आज घट बसणार. नऊ दिवस देवीचा दिवा विझता कामा नये. कापूस तर तुम्हीच बंद केलात. मग वळा की तुमच्या धाग्याची वात!"

महाराज इरेला पेटले. धोतराच्या काठाचे धागे ओढून तळहातावर वळायला बसले. वळलं की उलगडे, वळलं की उलगडे! शेवटी गाठ मारून तेलात बुडवली आणि पेटवली. वात जळायचं सोडून वितळली, तिचा काळा गोळा टपकन तेलात पडला, दिवा विझला. आणि वास तर असा सुटला की भटजी नाक धरून बाहेर पळाले!

येसूनं तळहातावर कापूस फिरवला. वात झाली, दिवा लागला.

"अगं, माझ्या धाग्यानं हत्ती बांधता येतो!" महाराज गरजले.

"बांधा की! हत्ती बांधा, मासे धरा, दात घासा! पण सरकार, कमरेचं सुटेल या धाकानं देवीला दोन हात जोडता येत नाहीत तुम्हाला!"

महाराजांनी कमरेवरच्या हाताकडे बघितलं, देवीकडे बघितलं आणि खो खो हसत सुटले.

"धावा, शिपायांना परत बोलवा! माग राहू द्या रे! आजपासून राजवाड्याची सगळी धोतरं येसूच्या मागावरची! आणखी काय हवं, पोरी?"

"तुमच्या त्या नायलॉनचा दोर द्या, सरकार. आमच्या विहिरीचा दोर सारखा कुजतो."

महाराज असे हसले, असे हसले, की दिवाणजींना धावत येऊन धोतर धरावं लागलं!