न कुजणारा भूगोल

"पण बुवा, ऐन वेळी विसरलंच तर?"

शलाकाने हे तिसऱ्यांदा विचारलं. आवजीबुवा आपले शेवंतीला पाणी घालत होते. उत्तर द्यायची घाई त्यांना कधीच नसायची, आणि शलाकाला तर बाई दम म्हणून नव्हता.

बुवा म्हणजे काही फार मोठे महाराज नव्हेत. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पोरांचे कान पिळले, निवृत्त झाले आणि परभणीबाहेरच्या टेकडीवरच्या मठात येऊन बागेची झारी हाती धरली. पण भूगोल अडला की पोरं अजून टेकडी चढून यायची. शलाका दुधाटे त्यातलीच. प्राध्यापक व्हायचं तर आधी पात्रता परीक्षा पास व्हायला हवी, आणि ती परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

"विसरायला ठेवलंयस काय, ते तरी दाखव," बुवा म्हणाले.

तिने पिशवी उघडली. एकेचाळीस पानं निघाली, सगळी लॅमिनेशन केलेली. थोरल्या भावाचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथेच तिने ती बसून करून घेतली होती. एकेका जीवसंहतीला एकेक रंग. सदाहरित वनाला पोपटी, वाळवंटाला पिवळा, टुंड्राला आकाशी. खाली चौकटीत तिथली माती: थर, रंग, आम्लता.

"सहा महिने खपलेय बुवा. असा संच कुणाकडे नाही."

मान जरा ताठ करूनच म्हणाली. एम. ए.ला विद्यापीठात पहिली आलेली पोर, मान थोडी वर राहायचीच!

बुवांनी एक पान उचललं आणि सरळ झारीखाली धरलं. पाणी घसरून गेलं. पान कोरडं ठणठणीत.

"हे कुजायचं नाही?"

"छे! वीस वर्षं काही होत नाही याला."

"अरेरे..."

कुणी गेल्याची बातमी कानावर यावी तसा चेहरा केला बुवांनी.

शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भल्या सकाळी थंडीत कुडकुडत एवढी टेकडी चढून यायचं, आणि या म्हाताऱ्याने अशी थट्टा मांडायची?

"तुम्ही विचारून तर बघा. काहीही विचारा."

"बरं. सगळ्यात हिरवंगार रान कुठलं?"

"विषुववृत्तीय सदाहरित वन. तापमान सत्तावीस अंशांच्या आसपास, पाऊस दोनशे सेंटिमीटरच्या वर. मृदा लॅटोसोल, तांबूस, सुपीकता कमी."

"आणि सगळ्यात कसदार माती?"

"चेर्नोझेम. समशीतोष्ण गवताळ प्रदेश. रंग काळा, ह्युमस भरपूर."

घडाघडा. श्वास घ्यायला थांबली नाही.

बुवांनी झारी खाली ठेवली.

"म्हणजे आभाळाला टेकलेली झाडं जिथे, तिथली माती भिकार. आणि नुसतं गवत जिथे, तिथे सोनं... हे असं उलटं कसं गं?"

शलाकाने तोंड उघडलं...

डोळ्यांपुढे नवव्या क्रमांकाचं पान आलं. पोपटी रंग, डाव्या कोपऱ्यात झाड, उजवीकडे चौकट. चौकटीत हे नव्हतं.

"पान बघू का?"

"पेपरला बघशील?"

झालं. पोरीचा बांधच फुटला.

"असंच होतं बुवा! आधीच्या दोन्ही परीक्षांना असंच झालं. प्रश्न सरळ आला की तोंडपाठ. जरा फिरवून आला की डोक्यात नुसतं पांढरं. दादा म्हणालाय, आता ही शेवटची. या खेपेला गेली की दुकानात बसायचं, मशीनवर. त्याचंही चुकत नाही, तो तरी किती थांबेल? पण मला शिकवायचंय हो. मला वर्गात उभं राहायचंय..."

ती रडत राहिली. बुवांनी ना समजूत काढली, ना पाणी दिलं.

"चल," एवढंच म्हणाले.

स्वयंपाकघरामागे एक मोठा खड्डा होता. मठाची रीत अशी, की देवाचं निर्माल्य नदीत सोडायचं नाही आणि पायदळीही येऊ द्यायचं नाही. हार, तुळस, बेल, दुर्वा, सगळं या खड्ड्यात यायचं. वरून भाजीची देठं आणि बागेतला पाला.

"हात घाल."

"निर्माल्यात? बुवा, पायात चपला आहेत माझ्या."

"मग काढ."

तिने चपला काढल्या. नाक मुरडलं, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. घातला तसा झटकन बाहेर काढला.

"अगंबाई! आत गरम आहे!"

"मग? मेलं म्हणून समजलीस काय?"

शलाकाने पुन्हा हात घातला. बाहेर बोलताना तोंडातून वाफ निघत होती, एवढा गारठा, आणि आत चुलीशेजारी धरावा तशी हाताला ऊब. तिने हात काढलाच नाही.

"दसऱ्याचा झेंडू याच कोपऱ्यात टाकलाय," बुवा म्हणाले. "सगळ्या गावाची तोरणं होती. काढून दाखव."

तिने ओंजळ भरून वर काढली. काळं, भुसभुशीत, वास मातीचा. पाकळी एक नाही. बोटांनी चाळलं, खालचं उपसलं. देठसुद्धा सापडेना.

"नाही दिसत."

"गेला म्हणायचा?"



शलाका ओंजळीकडे बघत राहिली.

"गेला कुठे बुवा? हाच की तो."

बुवा बागेकडे निघाले.

"थांबा... थांबा हं. आपल्याकडे थंडी, म्हणून झेंडूला तीन महिने लागले. तिकडे रानात बारा महिने ऊन आणि बारा महिने पाऊस. पान पडलं की बघता बघता कुजणार. आणि झाडं टपलेलीच! मुळं वरच्या वर ओढून घेणार. उरलंसुरलं पावसाने धुऊन न्यायचं. मग मातीत राहणार काय, कपाळ? सगळं धन झाडांच्या अंगावर! म्हणून तर रान तोडलं की जमीन दोन-चार वर्षांत हात वर करते."

"आणि गवत?"

"गवत दर वर्षी वाळतं. वरचं वाळतं, खालची मुळं जमिनीतल्या जमिनीत मरतात. पाऊस बेताचा, त्यामुळे वाहून जात नाही. हिवाळा कडक, त्यामुळे पुरतं कुजतही नाही. मग वर्षामागून वर्षं ते साठत जातं, साठत जातं... काळं होतं."

आता पोरगी थांबते कशाला! कुणी न विचारता ती सूचिपर्णी वनात शिरली. तिथे थंडीने कुजणंच अडलेलं, सुयांचा थर वरच पडून, त्यातून आम्ल झिरपून खालची माती राखाडी. मग वाळवंट. तिथे वाळायला मुळात काही उगवतच नाही, आणि क्षार मात्र वर येऊन बसतात. खड्ड्याशेजारच्या फरशीवर बसकण मारून ती काळ्या बोटांनी तिथेच थर काढत सुटली. बुवांचं पाणी घालायचं राहिलं ते राहिलंच.

मध्येच ती थबकली.

"हे मी वाचलं कुठे?"

तिने पिशवी ओढली. नववं पान बघितलं, गवताळ प्रदेशाचं चौदावं बघितलं. तुकडे होते सगळे. कशामुळे काय झालं, हे मात्र एकाही पानावर नव्हतं.

शलाका मोठ्याने हसली. डोळे अजून ओले, गालाला माती, आणि हसतेय आपली. गेले सहा महिने तिला भूगोलाची धास्तीच वाटत आली होती. आज तो आवडला. शाळेत असताना आवडायचा तसा, पोटातून आवडला.

आणि मग आठ दिवस आठवले. चेहरा उतरला.

"बुवा... आठ दिवसांत होईल माझं?"

बुवांनी फावडं घेतलं आणि खड्ड्यातला ढीग खालून वर उलथला. थंड हवेत भपकन वाफ उठली. त्यांनी वरून पालापाचोळा पसरला, हात झटकले.

"वाळलं घाल, ओलं घाल, मधून एकदा उलथ... आणि झालं का, झालं का म्हणून सारखं उकरून बघू नकोस."